मनात लिहून काढलेलं बोलणं

माझे वडील आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं आणि कधी थांबवायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीपासून आत, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज विरतो तिथं आमचं गाव आहे. तलावाच्या पाळीवर उभं राहून बाबांनी हाक मारली की चौथ्या बांधीत वाकलेला माणूस ताठ व्हायचा. त्यांचा आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. पाण्यावरून भांडणं व्हायची, आणि ती बहुतेक त्या आवाजानंच मिटायची.

आई मी अकरावीत असताना गेली. त्याआधीच आत्या गेली होती. बाबांची ही थोरली बहीण, तिला ते ‘बाई’ म्हणायचे. घरात आम्ही दोघंच उरलो. गोंदियाच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन मी पदवी केली आणि पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये नोकरीला लागले. तिथून इंग्लंडमधल्या लोकांच्या टेलिफोनच्या तक्रारी घ्यायच्या असत.

पुण्यात माझं इंग्रजी कोणाला खटकलं नाही. खटकलं ते मराठी. पहिल्याच आठवड्यात मी खोलीतल्या मुलीला म्हटलं, “मी मेसमध्ये जाऊन राहिली.” म्हणजे जाते आहे. ती म्हणाली, “राहणार आहेस तिथं? आणि परत कधी येणार?” ती चांगली मुलगी होती, तिनं गमतीनं म्हटलं होतं. मीही हसले. पण त्या दिवसापासून मी बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायला लागले. ‘का’ऐवजीचं ‘काऊन’ गेलं, ‘मले-तुले’ गेलं, ‘पानी’चं ‘पाणी’ झालं. कामावर आणखी वेगळं चालू होतं. आम्हाला शिकवणारी बाई प्रत्येकाच्या बोलण्याला गुण द्यायची, आणि तिच्या तक्त्यात ‘मातृभाषेचा परिणाम’ असा एक रकाना होता. त्यात जितकं कमी तितकं चांगलं. वर्षभरात माझ्या त्या रकान्यात शून्य आलं. मी तो कागद जपून ठेवला होता.

दुसऱ्या वर्षी धान कापून झाल्यावर बाबा पुण्याला आले. चिन्नोर तांदळाचं पोतं त्यांनी रेल्वेतून स्वतः आणलं. तोवर मी एक लहानसा फ्लॅट भाड्यानं घेतला होता, म्हणून ऑफिसातल्या तिघांना जेवायला बोलावलं. आमचा टीम लीडर आणि दोन मुली. भात मीच केला. वास सगळ्या घरात भरला होता. बाबा खुशीत होते. सगळ्यांना आग्रह करत होते.

“तुमी काऊन एवढंसंच जेवून राहिले? घ्या ना भात. आमच्या बांधीतला हाये.”

दोघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, “जेवून राहिले,” आणि दुसरीनं ओठ दाबून हसू आवरलं. बाबांनाही हसू आलं. त्यांना वाटलं, भाताबद्दलच काहीतरी चाललंय. मग ते तलावाचं सांगायला लागले आणि टीम लीडर “काय? काय म्हणालात?” असं तीन-तीनदा विचारू लागला. त्याला खरंच कळत नव्हतं.

बाबा पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आले तेव्हा मी म्हटलं, “बाबा, जरा नीट बोला ना.”

“नीट म्हनजे?”

“म्हणजे पुस्तकात असतं तसं. त्यांना कळत नाही.”

त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला. रागावले असतील असं वाटलं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. माणूस हिशोबात चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो, तसे ते दिसले. “बरं,” एवढंच म्हणाले.

बाहेर जाऊन ते गप्प बसले. पाहुणे निघाले तेव्हा दारापर्यंत गेले आणि हात जोडून म्हणाले, “आपण सर्व आलात, मला आनंद झाला.” टीम लीडर मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, “तुझे बाबा किती छान बोलतात गं.”

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा खिडकीशी बसले होते. चहा करू का विचारलं. ते म्हणाले, “मी चहा घेतला आहे.”

मला हसू आलं होतं, हे मी लपवत नाही. वाटलं, गंमत करतात. पण ते गंमत करत नव्हते. त्यानंतर ते माझ्याशी कधीही आमच्या बोलीत बोलले नाहीत. दर रविवारी गावाहून फोन आला की, “तू कशी आहेस? जेवण झाले का?” ‘झालं’ नाही, ‘झाले’. ते सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना ही भाषा ठाऊक होती ती शाळेच्या पुस्तकातून आणि रोजच्या वर्तमानपत्रातून, म्हणून ते बातमी वाचल्यासारखे बोलायचे. मी मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंही की बाबांचं मराठी किती सुधारलंय.

एकदा फोन चालू असताना ते पाळीवर होते. मध्येच त्यांनी फोन बाजूला धरला आणि ओरडले, “अरे तुडूम बंद कर ना बे, पानी वाया जाऊन राहिलं!” तुडूम म्हणजे तलावातलं पाणी सोडायचं तोंड. तो आवाज मला फोनमधूनही अंगावर आल्यासारखा वाटला. मग फोन पुन्हा कानाला लागला आणि एक लहान, सपाट आवाज म्हणाला, “क्षमा कर, मी जरा कामात होतो.”

एकाच माणसाचे दोन आवाज, मधे एका श्वासाचं अंतर. माझ्या वाट्याला दुसरा आला होता. पण हे मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला एक परकी बाई यावी लागली.

तिचं नाव मला स्क्रीनवर दिसलं असेल, आता आठवत नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातली म्हातारी होती. घरचा टेलिफोन बंद पडला म्हणून बहिणीच्या घरून बोलत होती. तिचं इंग्रजी मी शिकलेल्या इंग्रजीसारखं नव्हतं. स्वर वेगळे, शब्द अर्धे गिळलेले, काही शब्द तर मी जन्मात ऐकलेले नव्हते. दुरुस्तीला माणूस कधी पाठवू, असं मी विचारलं. ती काहीतरी म्हणाली, त्यात शेवटी ‘व्हाईल थर्सडे’ असं होतं. घरी नाही, व्हाईल थर्सडे. मी शिकले होते की व्हाईल म्हणजे ‘असताना’, ‘त्या वेळात’. मी अर्थ लावला की ती गुरुवारी घरी नाही. तिला मंगळवार दिला.

पुढच्या आठवड्यात तक्रार आली. माणूस मंगळवारी गेला, घराला कुलूप होतं, तो परत आला. पुढची पाळी आठ दिवसांनंतरची होती. तोवर एकटी राहणारी ती बाई फोनशिवाय. तक्रार आली की आमच्याकडे ते संभाषण पुन्हा ऐकत. काचेच्या खोलीत टीम लीडर, शिकवणारी बाई आणि मी, असे तिघं बसलो आणि रेकॉर्डिंग लावलं.

आपलाच आवाज असा ऐकणं नकोसं असतं. माझा आवाज गोड होता, स्वच्छ होता. तीनदा मी म्हातारीला पुन्हा सांगायला लावलं. चौथ्यांदा मी इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, तुम्ही कृपया नीट इंग्रजीत बोलाल का?”

मग मागून कोणीतरी, तिची बहीण असावी, काहीतरी विचारलं. म्हातारीनं तिला पटकन उत्तर दिलं, तिच्या त्या भरभर, ठसठशीत बोलीत. नंतर ती फोनवर परत आली. आवाज बदललेला होता. लहान झालेला, सपाट झालेला. एकेक शब्द सुटा करून, शाळेत बाईंपुढं उभं राहिल्यासारखी ती तिचा पत्ता सांगत होती.

टीम लीडर म्हणाला, “जरा मागं घे.” त्यांनी तो भाग पुन्हा ऐकला. तो आवाज मी ओळखत होते. भाषा वेगळी, बाई वेगळी, देश वेगळा, पण दर रविवारी तोच आवाज मला विचारत होता, जेवण झाले का.

शिकवणाऱ्या बाईनं निकाल दिला. तिकडच्या जुन्या माणसांत ‘व्हाईल’ म्हणजे ‘पर्यंत’ असं म्हणतात. म्हातारी गुरुवारपर्यंत घरी नव्हती, गुरुवारी येणार होती. पण ते स्थानिक बोलणं झालं. प्रमाण इंग्रजीत तुझाच अर्थ बरोबर. तुझे गुण कापणार नाही.

मी विचारलं, “मी त्यांना एकदा फोन करू का?”

“आपल्याकडून बाहेर फोन लागत नाहीत,” टीम लीडर म्हणाला. “आणि तू कशाला मनाला लावून घेतेस?”

मी बरोबर ठरले. त्या म्हातारीचं पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही. ते आठ दिवस तिनं कसे काढले, हे मी अजूनही मनात रचून पाहते. कधी त्यात ती ठीक असते, कधी नसते.

संध्याकाळच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून मी बाबांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी उचलल्यावर मी म्हटलं, “बाबा, का करून राहिले?” आमच्याकडं ‘काय’चं ‘का’ होतं.

“तू बरी आहेस ना?” ते म्हणाले. आवाजात भीती होती. “असे का बोलत आहेस?”

“असंच. आपलं बोलून पाहिलं.”

“काही अडचण असेल तर सांग. मी येतो.”

अडचण नाही, असं मी सांगितलं. त्यांनी चार-चारदा विचारलं. मी पुन्हा पुण्याच्या मराठीत बोलायला लागले तेव्हाच त्यांचा जीव थाऱ्यावर आला. झालं ते इतकं पुढं गेलं होतं की माझ्या तोंडची आमची बोली त्यांना आजाराचं लक्षण वाटली.

पुढं तीन-चार वर्षं तशीच गेली. मी गावी जायचे, ते माझ्याशी जपून बोलायचे, बोलणं लवकर संपायचं. मग ते शेजारी जाऊन बसायचे आणि भिंतीपलीकडून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. मी भिंतीला टेकून ऐकत बसायचे. मी आत आहे हे ध्यानात आलं की ते आवाज उतरवायचे.

गेल्या साली रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत ते दोन दिवस पावसात पाळीवर उभे राहिले आणि तापानं पडले. न्यूमोनिया. गावातल्या लोकांनी त्यांना गोंदियाला एका दवाखान्यात भरती केलं आणि मला कळवलं. मी पोचले तेव्हा दुपार होती. नर्स म्हणाली, “बाबा सुबह से किसी को बुला रहे हैं. बाई, बाई कर रहे हैं. आप हो क्या बाई?”

मी जवळ गेले. त्यांनी डोळे उघडले. डोळे माझ्यावर होते, पण त्यांना मी दिसत नव्हते.

“बाई, आलीस का?”

बाई म्हणजे माझी आत्या. जाऊन वीस वर्षं झालेली.

“आली,” मी म्हटलं.

“काऊन एवढा उशीर केलास वं?”

“एस्टी नाही भेटली.”

कित्येक वर्षांनी ते माझ्याशी असे बोलत होते. मी त्यांचा हात धरला. हात चटका बसावा इतका गरम होता.

“पोरगी आली का पुन्याहून?”

“आली ना. बाहीर हाये.”

त्यांनी मान वळवून दाराकडं पाहायचा प्रयत्न केला. आवाज एकदम खाली आणला. “तिच्यासमोर मले बोलू नको देजो. तापात कायबी निंघून राहिलं तोंडातून. तिले लाज वाटते.”

“नाही वाटत रे.”

“तुले का मालूम.” ते दम लागून थांबले. “तिच्यासंग बोलाचं म्हनजे मी पह्यले मनात लिवून काढतो. मंग बोलतो. तेवढ्यात ती फोन ठेवते.”

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाची बायको संत्रं सोलत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मी त्यांना सांगायला हवं होतं, बाबा, मी आहे. ते शब्द दोनदा ओठांवर आले. पण मला माहीत होतं, मी सांगितलं तर त्या क्षणी त्यांचं बोलणं बदलेल. अंगात इतका ताप असतानाही ते उठून बसायचा प्रयत्न करतील आणि वाक्य जुळवायला लागतील. म्हणून मी सांगितलं नाही. मी बाईच राहिले.

दोन दिवस मी माझी आत्या होते. ते मला तलावाचं सांगत होते. लहानपणी पाळ फुटली ती रात्र, आईचं लग्नातलं रूप, मी जन्मले तेव्हा त्यांनी कोणाकोणाला मोहाचं तेल पाठवलं ते. मी हुंकार देत होते, विचारत होते, माझ्या तोंडून शब्द आपोआप येत होते, मी विसरले आहे असं ज्यांच्याबद्दल वाटायचं तेही. त्या दोन दिवसांत बाबा माझ्याशी जितकं बोलले तितकं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत बोलले नसतील. आणि त्यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, चादर नीट ओढून घेतली आणि म्हणाले, “तू केव्हा आलीस? प्रवास बरा झाला का?”

“बरा झाला,” मी म्हटलं.

घरी नेल्यावर ते सहा आठवडे होते. छातीत जोर राहिला नव्हता. मी नोकरी सोडून आले होते, आणि ते त्यांना पसंत नव्हतं. “हे तू योग्य केले नाहीस,” असं त्यांनी मला सांगितलं. मी एकदा धीर करून म्हटलंही, “बाबा, माझ्याशी पहिल्यासारखं बोला. पुण्यात मी चुकले होते.” ते म्हणाले, “तू काही चुकली नाहीस. त्यांना कळत नव्हते.” मग त्यांना खोकला आला, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

धान निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला लागलं तेव्हा एका सकाळी ते गेले. शेवटचा शब्द ते माझ्याशीच बोलले. पाणी मागितलं. तोंड कोरडं पडलं होतं, जीभ नीट वळत नव्हती. ते ‘पाणी’ म्हणाले की ‘पानी’, ते मला ऐकू आलं नाही. मी कान अगदी जवळ नेला होता. तरी नाही. ‘पानी’ असेल तर ते शेवटी माझ्याशी आपलं म्हणून बोलले. ‘पाणी’ असेल, तर तेवढ्या श्वासातही त्यांनी मनात लिहून काढलं. मी तो शब्द इतक्यांदा आठवून पाहिला आहे की आता त्यातला मूळ आवाज कोणता आणि माझा कोणता, हे सांगता येत नाही. भांडी घासताना, रस्त्यानं जाताना तो येतो. कधी असा, कधी तसा.

तेरवीनंतर मी काही दिवस गावात राहिले आणि सगळ्यांशी आमच्या बोलीत बोलायचं ठरवलं. शेजारच्या काकूंना म्हटलं, “का रांधून राहिल्या जी?” त्यांचा चेहरा पडला. “तुम्ही मॅडम असून आमची नक्कल काऊन करता?” त्या म्हणाल्या. मी नक्कल करत नाही, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पुढं त्या माझ्याशी हिंदीत बोलायला लागल्या.

आता मी गोंदियात राहते. घरातल्या पुढच्या खोलीत इंग्रजीचा क्लास घेते. मुली कामठ्याहून, तिरोड्याकडून येतात. कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी छत्तीसगढी, बाजारात हिंदी. मी त्यांना प्रमाण इंग्रजीच शिकवते, कारण नोकरीला तेच लागतं. फक्त ‘व्हाईल’ आला की एकाच शब्दाचे दोन अर्थ सांगते, आणि दोन्ही बरोबर आहेत असं सांगते. एका मुलीनं विचारलं, “परीक्षेत कोणता लिहायचा?” मी खरं ते सांगितलं. पहिला.

मागच्या महिन्यात एका मुलीचे वडील तिला न्यायला आले. दाराबाहेर फोनवर कोणाशी तरी खतावरून मोठ्यानं बोलत होते, आमच्याकडचंच बोलणं. मी दार उघडलं. त्यांनी घाईनं फोन बंद केला, चप्पल काढली, शर्ट खाली ओढला.

“नमस्कार,” ते म्हणाले. “माझी मुलगी येथे शिकत आहे.”

दाराच्या चौकटीला हात लावून मी तशीच उभी राहिले. त्यांना वाटलं, आपलं काही चुकलं. घसा साफ करून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी हळू, एकेक शब्द सुटा करून. त्यांची मुलगी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. वडील बोलत असताना ती खाली, दप्तराच्या पट्ट्याकडं पाहत होती.